हिंगोलीतली भजनी वीणा

भजनी वीणा हे वारकरी कीर्तनातले सूर धरणारे वाद्य आहे. तिला सहसा चार तारा असतात आणि पडदे नसतात. पट्टा गळ्यात अडकवून, भोपळा अंगाशी घेऊन विणेकरी उभा राहतो आणि बोटाने मोकळ्या तारा छेडत राहतो. या वाद्यावर गत वाजवायची नसते, आलापही घ्यायचा नसतो. षड्जाचा आधार तुटू न देणे हेच तिचे काम. रचनेने ती लहान तंबोराच होय, मात्र तिचा मान वेगळा आहे. मैफलीत तंबोरा गायकाच्या मागे असतो, तर दिंडीत वीणा ज्याच्या गळ्यात तो दिंडीचा प्रमुख समजला जातो.

हिंगोली जिल्ह्यात या वाद्याला मोठी पार्श्वभूमी आहे. संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान म्हणून परंपरा ज्या नर्सी गावाकडे बोट दाखवते, ते कयाधू नदीच्या काठी आहे आणि आज नर्सी नामदेव याच नावाने ओळखले जाते. नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश औंढा नागनाथच्या देवळात मिळाला अशी श्रद्धा आहे. त्याच देवळापुढे कीर्तन करण्यास मज्जाव झाल्यावर नामदेव मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही आख्यायिका मराठवाड्यात घरोघरी सांगितली जाते. नामदेवांनी कीर्तनाची ही रीत पंजाबपर्यंत नेली. घुमान येथे त्यांचे स्मारक आहे आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. कीर्तनाला इतके मोल असलेल्या या प्रदेशात वीणा ही एखाद्या घरापेक्षा गावाची वस्तू झाली, यात नवल नाही.

गावोगावी बसणाऱ्या अखंड हरिनाम सप्ताहात हे स्पष्ट दिसते. सप्ताहाला सुरुवात झाली की सातही दिवस, रात्रंदिवस, वीणा कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असते. ती जमिनीवर टेकवत नाहीत. गावकरी पहारे वाटून घेतात. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढे येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा हस्तांतरित होते. टाळ-मृदंगाच्या गजरात तिचा आवाज पुष्कळदा ऐकूही येत नाही. मध्यरात्रीनंतर, मंडपात मोजकीच माणसे उरल्यावर, तो नीट कानी पडतो. पहारा घेणाऱ्याला संगीताचे शिक्षण लागत नाही. त्यामुळे शेतकरी, मजूर, दुकानदार अशा कोणाच्याही हाती हे वाद्य येते, आणि गावात एकच वीणा पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहते.

महाराष्ट्रात अशी तारवाद्ये घडवण्याचे सर्वांत नावाजलेले ठिकाण मिरज. तिथल्या धंद्याचा आरंभ १८५०च्या सुमारास झाला. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब हे त्याचे मूळ पुरुष मानले जातात. लढाया सरल्या, तलवारी-भाल्यांची मागणी आटली आणि या कारागिरांच्या हातांना दुसरे काम शोधावे लागले. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन संगीताचे चाहते होते. दरबारात येणाऱ्या गवयांच्या आणि बीनकारांच्या वाद्यांची दुरुस्ती करता करता नवी वाद्ये घडवण्याची विद्या साधली. पुढे ही घराणी सतारमेकर हे आडनाव लावू लागली.

धंदा वाढण्यास मिरजेतल्या गवयांचाही हातभार लागला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत शिकले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थायिक झाले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरातच त्यांचे दफन झाले. स्वरांच्या बाबतीत खाँसाहेब अत्यंत काटेकोर होते, आणि असे कान असलेले गिऱ्हाईक गावातच राहत असल्याने कारागिरांची कसोटीही तितकीच कडक झाली. मैफलीच्या तंबोऱ्यासाठी कमावलेले हे कसब भजनी विणेच्याही कामी आले.

विणेचा जन्म मात्र मिरजेच्या बाहेर, शेतात होतो. तिला लागणारा कडू भोपळा मुख्यतः पंढरपूर-मंगळवेढा भागात, भीमेच्या खोऱ्यात पिकतो. तो खाण्याचा नव्हे. वेलावर त्याची बैठक सारखी राहील, एका अंगाला तो दबणार नाही, याकडे शेतकऱ्याला लक्ष द्यावे लागते. पुरता पिकून वाळलेला भोपळा कारागीर पाण्यात भिजवतो, कापतो, आतला गर खरवडतो आणि तोंड हवे तितके ताणून पुन्हा सुकू देतो. त्यावर तुणीच्या लाकडाची तबली बसते. दांडीही बहुधा तुणीचीच असते, कारण हे लाकूड हलके असून सहसा पिळत नाही. दांडी आणि भोपळा जोडणाऱ्या भागाला गुलू म्हणतात. खुंट्या, मेरू, घोडी आणि मणी बसले, वर पॉलिश चढले, की वाद्य तारांसाठी तयार होते.

भीमाकाठचा भोपळा मिरजेला जातो, तिथून वीणा होऊन पंढरपूरच्या बाजारात येते आणि वारकऱ्याबरोबर गावी पोहोचते. या वाटेला रेल्वेने बळ दिले. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळमार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. मराठवाड्याचे दार, विठ्ठलाची पेठ आणि वाद्यांचे गाव एका मार्गावर आले. त्या काळी हिंगोली निजामाच्या राज्यात, पंढरपूर इंग्रजी मुलखात आणि मिरज पटवर्धनांच्या संस्थानात होते. वारीने तीन राजवटींच्या हद्दी ओलांडून जे सांस्कृतिक दळणवळण चालू ठेवले, त्यात ही वाद्येही होती. १९४८ मध्ये मिरज संस्थान विलीन झाले आणि हैदराबाद संस्थानही मुक्त झाले. परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. नर्सीहून नामदेवांची पालखी आजही आषाढीला पंढरपूरला जाते.

विणेचा आवाज ठरतो तो जवारीवर. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला अगदी अल्प असा उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार त्या उताराला हलकेच घासत जाते आणि मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वर उमटतात. तारेखाली सरकवलेला सुताचा बारीक धागा ही जागा नेमकी करतो. तारांच्या घर्षणाने घोडीवर चऱ्या पडतात आणि आवाज बद्द होतो. मग घोडी पुन्हा घासून घ्यावी लागते. त्यालाच जवारी काढणे म्हणतात. हे काम मापाने होत नाही. कारागीर थोडे घासतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो.

जुनी वीणा किंवा तंबोरा घेणाऱ्याने म्हणूनच आधी आवाज नव्हे, सांगाडा पाहावा. जवारी नव्याने काढता येते, तारा बदलता येतात, सैल खुंट्या बसवता येतात. पण दांडी वाकली असेल, तबली घोडीखाली खचली असेल किंवा गुलूचा सांधा सुटला असेल तर खर्च वाढतो. दांडी एका टोकाकडून डोळ्याच्या रेषेत धरली की बाक कळतो. भोपळ्यावर बोटाने टिचकी मारली की तडा गेलेल्या जागी आवाज फुटका येतो. बारीक भोके आणि त्यांतून गळणारी भुकटी ही किडीची खूण. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पावसाळ्यात हवा ओलसर होते. या चढउताराने सांधे ढिले होतात, म्हणून वाद्य पत्र्याच्या छपराखाली किंवा चुलीजवळ ठेवू नये. जुन्या वाद्यांवर हस्तिदंत किंवा सांबरशिंगाची घोडी आढळते. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांमुळे त्यांचा व्यापार बंद आहे, तेव्हा असा भाग असलेल्या वाद्याचा सौदा टाळणेच योग्य.

जुने वाद्य चांगले वाजते हा समज निराधार नाही. वर्षांनुवर्षे वाळलेले लाकूड हलके होते आणि कंपनाला लवकर साथ देते. पण आणखी एक कारण आहे. सुमार वाद्ये लोकांनी केव्हाच टाकून दिली, जपून ठेवली ती चांगली. पाश्चात्त्य जगातही जुन्या गिटारींना मोठे मोल आहे. १८३३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या मार्टिन कंपनीच्या दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गिटारी संग्राहक शोधत फिरतात. तिथे मूळ पॉलिश काढून नवे चढवले तर किंमत घटते. विणेच्या बाबतीत न्याय वेगळा आहे. तिची घोडी घासली जाते, तारा बदलतात, भोपळासुद्धा बदलतो, आणि तरी ती गावाची तीच वीणा राहते. तिचे मोल ती वापरात राहण्यावर ठरते.

गेल्या काही दशकांत या धंद्यापुढे नवे प्रश्न उभे राहिले. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला आणि पुढे मोबाइलमध्येही सूर मिळू लागला. अनेक ठिकाणी भोपळ्याऐवजी लाकडी किंवा फायबरची वाटी वापरतात. २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि तंबोरा यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे मिरजेच्या नावाला कायद्याचे संरक्षण लाभले. भजनी विणेची मागणी मात्र दुसऱ्याच कारणाने टिकून आहे. सुराची गरज यंत्र भागवू शकते, पण सप्ताहाचा पहारा यंत्राच्या गळ्यात घालता येत नाही. वीणा घेऊन उभे राहणारी माणसे गावात आहेत आणि तिची जवारी काढणारे हात मिरजेत आहेत, तोवर नव्या वीणा घडतील आणि जुन्याही वाजत राहतील. त्या हातांना पुरेसे काम आणि रास्त मोल मिळणे, यावर हिंगोलीतल्या गावांची ही परंपराही अवलंबून आहे.