पाच-चार

मोटारसायकलवाल्याला पत्ता सांगावा लागत नाही. पाठीवरची सॅक पाहूनच तो विचारतो, ‘लेकसाइड?’ आणि तुम्ही मान हलवायच्या आत गाडी सुरू झालेली असते. डिसेंबर 2006, कंबोडिया. सिएम रीपहून आलेल्या बसमध्ये दिवस काढून तुमचं अंग आंबून गेलंय. नॉम पेन्हच्या मनिवाँग रस्त्याने उत्तरेकडे जाताना 1932 साली बांधलेलं रेल्वे स्टेशन डाव्या हाताला मागे पडतं, मग एक वळण येतं आणि हमरस्त्याचा गोंगाट एकदम तुटतो. ही 93 नंबरची गल्ली. किलोवर कपडे धुऊन देणारे, जुनी पुस्तकं विकणारे, इंटरनेटचे ठेले, आणि कुठेतरी लसूण तळल्याचा वास. पश्चिमेकडच्या कुठल्याही दारातून आत शिरा, घर संपलं की पाणीच लागतं.

ते पाणी म्हणजे बंग काक. ‘बंग’ म्हणजेच तळं. शहराच्या ऐन मध्यात जवळजवळ 90 हेक्टर पसरलेलं. तुम्ही ज्या काळातून आला आहात तिथल्या नकाशावर ते नाही. म्हणून तर आलात.

दारात चपला काढता. ओसरीत मालकीणबाई लसूण सोलत बसल्या आहेत. डोक्याला चौकड्यांचा क्रमा, म्हणजे तिथला पंचा, गुंडाळलेला, वय पन्नाशीच्या अलीकडचं. इंग्रजी येतं, पाहुण्यांकडूनच शिकलेलं, मोजकं पण नेमकं. खोलीचे तीन डॉलर. किल्ली पुढे करताना त्या म्हणतात, ‘प्राम-बुअन.’ तुम्हाला कळत नाही. त्या पंजा पसरतात, मग दुसऱ्या हाताची चार बोटं. प्राम म्हणजे पाच, बुअन म्हणजे चार. ख्मेर भाषेत पाचाच्या पुढे नऊपर्यंत नवा शब्द नाही. सहा म्हणजे पाच-एक, सात म्हणजे पाच-दोन. तुमची खोली नऊ नंबरची, म्हणजे पाच-चार. या क्षणापासून या घरात तुमचं नावही तेच.

मग त्या वही दाखवतात. शाळेतल्या मुलाची असते तशी रेघांची वही, दोऱ्याने बांधलेलं पेन. एका खोलीला एक पान. फ्रिजमधून पाण्याची बाटली घ्या, बिअर घ्या, स्वयंपाकघरात सांगून भात घ्या, आणि आपल्या पानावर आपणच लिहा. कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही. निघायच्या दिवशी बेरीज. आपल्याकडच्या खानावळीत महिन्याचे खाडे मांडायचे तशीच ही रीत, फरक एवढाच की इथे पेन जेवणाऱ्याच्या हातात आहे. वहीच्या मागच्या पानांवर कितीतरी देशांची अक्षरं आहेत. कुणी आकडे लिहिलेत, कुणी उभ्या चार रेघा मारून पाचवी आडवी काढली आहे.

खोलीबद्दल खरं सांगायचं तर ती वाईट आहे. फळ्यांच्या भिंती छतापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे शेजाऱ्याचा खोकला आपलाच वाटतो. गादी मधोमध खचलेली, कडेला टणक. मच्छरदाणीला तीन भोकं, त्यातलं एक मुठीएवढं. पंखा फिरतो पण मान वळवत नाही. न्हाणीघरात खाली बघितलंत तर फळ्यांच्या फटीतून काळसर पाणी दिसतं. सगळं तिथेच जातं, तुमचंही, गल्लीतल्या बाकी गेस्ट हाउसांचंही. दुपारच्या उन्हात त्याचा वास वर येतो आणि नाकात बसतो. रात्री ढेकूण चावतील. बाजूच्या बारमधलं संगीत दीडपर्यंत चालेल. दोन अनोळखी माणसं तुम्हाला गांजा विचारून जातील.

आणि तरीही पाचच्या सुमारास मागच्या फळ्यांवर येऊन झोळीत बसलात की उठवत नाही. सगळं घर पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभं आहे, आणि हा फळ्यांचा सज्जा तळ्यात सगळ्यात पुढे गेलेला. समोर पाण्यावर हिरवे वाफे तरंगताहेत. एक बाई चपट्या होडीतून त्यांच्यामधून जाते आहे. गुडघ्यावर बसलेली, एका हाताने देठ मुठीत धरून दुसऱ्या हातातल्या विळ्याने कापते, जुडी पाण्यात हिसडते, मागे टाकते. कापणं, हिसडणं, टाकणं. मान वर होत नाही. होडीचा मागचा भाग भाजीच्या ओझ्याने पाण्याला टेकलाय. ही त्राकून, म्हणजे आपली नाळीची भाजी. तीच लांब पोकळ देठं, तीच भाल्यासारखी पानं. याच तळ्यातली भाजी रात्री शहरभर लसणात परतली जाणार, तुमच्या ताटातही येणार. न्हाणीघराची फट तुम्ही पाहिली आहे. तुम्ही ती खाता. चव चांगली आहे.

सूर्य पलीकडच्या काठावर उतरतो तेव्हा मशिदीतून बांग येते. चाम मुसलमानांची वस्ती इथे जुनी आहे. पाणी आधी तांबूस होतं, मग राखाडी. झोळ्यांमधली बडबड आपोआप थांबते. होडीतली बाई तेवढी थांबत नाही, तिला उजेड असेपर्यंत काम उरकायचंय.

अंधार पडल्यावर आतल्या खोलीत टीव्ही लागतो. गल्लीतल्या अनेक गेस्ट हाउसांत रोज संध्याकाळी तोच सिनेमा असतो, 1984 सालचा ‘द किलिंग फील्ड्स’. उशांना टेकून पाहुणे बघताहेत. पडद्यावर 17 एप्रिल 1975, ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेचे सैनिक शहरात शिरताहेत, अख्खं नॉम पेन्ह रिकामं करताहेत. तुमच्या मागे, चार पावलांवर, मालकीणबाई उद्याचे तांदूळ निवडत बसल्या आहेत. हिशेब करून पाहा, त्या वेळी त्या सोळा-सतरा वर्षांच्या असतील. त्या पडद्याकडे बघत नाहीत. एका प्रसंगाला आवाज फार वाढतो तेव्हा उठतात, रिमोट घेतात, दोन घरं कमी करतात आणि परत सुपापाशी जाऊन बसतात. तुम्हाला सिनेमा पुढे बघवत नाही. तुम्ही उठून त्यांच्याशेजारी बसता, समोरची मूठभर तांदळाची रास आपल्याकडे ओढता. त्या काही बोलत नाहीत. थोडी रास अजून तुमच्याकडे सरकवतात.

सकाळी त्या विचारतात, ‘न्याम बाय?’ भात खाल्लास का? जेवलात का, असं विचारून आपल्याकडे दिवसाची सुरुवात होते तशीच तिथेही. मग बोलणं निघतं. जानेवारी 1979 मध्ये ख्मेर रूजची सत्ता गेली तेव्हा लोक रिकाम्या शहरात परतले. खासगी मालमत्ताच त्या राजवटीने मोडीत काढली होती, जुने कागद कुणाकडे नव्हते. ज्याला जिथे आसरा मिळाला तिथे तो राहिला. मालकीणबाईंनी ऐंशीच्या दशकात इथे चार खांब रोवले, मग दरवर्षी एक-एक फळी पाण्यात पुढे सरकवली. त्यांच्याकडे कागद आहे. पत्र्याच्या डब्यातून काढून दाखवतात, घडीवर फाटत आलेला, खाली स्थानिक अधिकाऱ्याचा शिक्का. 2001 च्या जमीन कायद्यात लिहिलंय की पाच वर्षं निर्वेध ताबा असेल तर मालकी मागता येते. जागतिक बँकेच्या मदतीने शहरात मोजणी चालू आहे, आपलीही पाळी येईल, असं त्या सांगतात.

तुम्हाला माहीत आहे पाळी कशी येणार. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी 2007 मध्ये, तळं आणि काठची जमीन मिळून 133 हेक्टर एका खासगी कंपनीला 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली जाईल. मोजणी इथवर येईल आणि मालकी ठरवायला नकार देऊन निघून जाईल. हे सगळं तुमच्या जिभेवर आहे. पण तुम्ही काय सांगणार? कुठे जा म्हणणार? त्या कागदाची घडी घालताहेत, जुन्या घडीवर नवी घडी बरोबर बसेल याची काळजी घेत.

निघताना त्या तुमच्या पानाची बेरीज करतात. ‘प्राम, प्राम-मुय, प्राम-पी...’ बोट रेघांवरून सरकतं. डॉलरचे सुटे रियेलमध्ये देतात, डॉलरला चार हजार. मग विचारतात, ‘खोली चांगली?’ इथे बहुतेक पाहुणे हसून होकार देतात. तुम्ही खरं सांगता. गादी खचली आहे, ढेकूण आहेत, मच्छरदाणी फाटली आहे. भात उत्तम. त्राकून उत्तम. त्या एकेक गोष्टीवर मान हलवतात आणि पेन घेऊन तुमच्या पानाच्या तळाशी तीन ओळी ख्मेरमध्ये लिहितात.

आता ऑक्टोबर 2008 मध्ये या.

गल्ली तीच, लसणाचा वास तोच. पण कानात एक घरघर शिरते ती जात नाही. 26 ऑगस्टपासून पंप चालू आहेत. जाड नळ तळ्यात सोडलाय आणि त्यातून पाण्यात कालवलेली रेती दिवसरात्र ओतली जाते आहे. हे तळं सार्वजनिक मालमत्ता होतं. भराव सुरू होण्याच्या सुमारास एका सरकारी हुकुमाने ते सरकारच्या खासगी मालमत्तेत बदललं गेलं. मुंबईच्या माणसाला भराव नवा नाही, धोबी तलाव म्हणताना तलाव कुठे आहे हे आपण विचारायचंही सोडून दिलंय. पण भराव जमिनीवर उभं राहून बघणं वेगळं आणि खांबांवरच्या घरात बसून बघणं वेगळं. रेती एका बाजूने चढते तशी पाण्याला जागा उरत नाही. शहराचं पावसाचं पाणी हेच तळं पोटात घ्यायचं. आता ते घरांत शिरतं. मालकीणबाईंच्या ओसरीत विटांवर फळ्या टाकल्या आहेत आणि चपला काढायच्या जागी घोट्याएवढं पाणी आहे.

चार हजारांहून जास्त कुटुंबांपुढे पर्याय ठेवलेत. साडेआठ हजार डॉलर घ्या आणि जा, नाहीतर शहराबाहेर दूरचं घर घ्या. शेजारचं गेस्ट हाउस बंद झालंय, त्याचे खांब तेवढे उभे आहेत.

‘प्राम-बुअन!’ त्यांनी ओळखलं. खोलीची किल्ली न विचारता हातात दिली. तुम्ही दार उघडता आणि दारातच थांबता. पलंगावर नवी गादी आहे. निळ्या फुलांची, अजून प्लास्टिकचा वास असलेली, मधोमध हात दाबला तर परत वर येणारी. मच्छरदाणीची तिन्ही भोकं बंद केली आहेत, मुठीएवढ्या भोकाला तर चौकड्यांच्या क्रम्याचं ठिगळ आहे, कडेने बारीक टाके घातलेलं. फळ्यांच्या सांध्यांना औषधाचा उग्र वास येतोय. मागे उभ्या राहून त्या म्हणतात, ‘तू सांगितलंस ना.’

कुठल्याही पाहुण्याचं इतकं ऐकून घेतलेलं तुम्ही बघितलेलं नाही. तळं बुजत होतं, शेजारी जात होते, आणि या बाईंनी पैसे काढून गादी आणली. तुमच्या काळात लोक त्यांना अतिक्रमणवाले म्हणतील. हे घर चालवणारं माणूस होतं आणि ते उत्तम चालवत होतं, एवढं तरी ज्याने तिथे रात्र काढली त्याने ठासून सांगितलं पाहिजे.

रात्री पंपाच्या घरघरीत झोप लागत नाही. गादी मात्र छान आहे.

शेवटची खेप, 2010. सज्ज्यावर जा. झोळी एकच उरली आहे. खाली वाकून हात घातलात तर बोटं रेतीत जातात, फळ्यांपासून वीतभर खाली. सपाट, फिकट, नजर पोचेल तिथवर. मशिदीतून बांग येते तेव्हा ती कोरडी वाटते. दूर रेतीत पोरं चेंडू खेळताहेत. जिथे ती बाई होडीतून त्राकून कापायची तिथून एक ट्रक जातो. या गल्लीतल्या बायका मोर्चे काढू लागल्या आहेत. पुढच्या ऑगस्टमध्ये या तळ्याच्याच प्रश्नावरून जागतिक बँक कंबोडियाची नवी कर्जं थांबवल्याचं जाहीर करेल आणि पंतप्रधान हुन सेन उरलेल्या कुटुंबांसाठी 12.44 हेक्टर बाजूला काढतील. 2012 मध्ये मोर्चे काढणाऱ्यांपैकी 13 बायका तुरुंगात जातील. मालकीणबाई त्या वेळी कुठे असतील ते तुम्ही शोधलं नाहीत. शोधायचं धाडस झालं नाही.

‘तुक,’ त्या समोर बोट दाखवून म्हणतात. पाणी. मग मान हलवून स्वतःलाच दुरुस्त करतात. ‘ख्साच.’ रेती.

भात आणतात. भाजी कोबीची आहे.

सकाळी तुम्ही वही मागता. पुढची सगळी पानं कोरी आहेत. पेनाचा दोरा नवा आहे. तुम्ही लिहिता, भात दोन, पाणी एक. त्या बोट ठेवून मोजतात, दोन डॉलर सांगतात. खोलीचं विचारता तर हात झटकतात, पाण्याशिवाय कसली खोली. तुम्ही पेन परत घेता आणि खाली लिहिता, खोली, प्राम-बुअन, तीन डॉलर. त्या ती ओळ वाचतात. मग पहिल्यापासून परत मोजायला लागतात.