आकड्यांना नावे मिळाली तेव्हा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ आपल्याला ज्योतिर्लिंगामुळे माहीत आहे. त्याच तालुक्यातील दुधाळा गावाजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. खर्च २६०० कोटी रुपये. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेसर, हे वर्णन आपण वाचले असेल. पण लहर टिपल्यावर पुढे काय? जगभरच्या दुर्बिणींना घटना कधी घडली, आकाशात कुठे घडली आणि खात्री किती, हे लगोलग कळवावे लागते. तो निरोप कसा लिहायचा, याचाही एक इतिहास आहे.

गॅमा किरणांचे स्फोट काही सेकंदांतच विझतात. त्यांची वर्दी देण्यासाठी नासाच्या स्कॉट बार्थेल्मी यांनी १९९३ मध्ये संगणकीय जाळे सुरू केले. पुढे त्याला ‘जीसीएन’ हे नाव मिळाले. त्यातला निरोप म्हणजे ४० पूर्णांक, प्रत्येकी चार बाइटचे. एकूण १६० बाइट, बस्स! त्यात शब्द एकही नाही.

समजा, त्यात १७९८२ आणि ४५६६६४७ हे आकडे आले. काय कळले? पहिला आकडा २४ मे १९६८ पासून मोजलेले दिवस सांगतो आणि दुसरा त्या दिवसाचे सेकंद, शंभरने गुणलेले. हिशेब मांडला की १७ ऑगस्ट २०१७, जागतिक वेळ १२ वाजून ४१ मिनिटे ६.४७ सेकंद मिळतात. (विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगे गणित आहे.) पण ही किल्ली निरोपात नव्हती, ती वेगळ्या कागदावर होती. गुणपत्रकाचा वरचा मथळा फाटला, की ६२ हे गणितातले की भूगोलातले हे सांगता येत नाही, तसेच हे. त्या काळच्या मंद जाळ्यांसाठी ही काटकसर शहाणपणाचीच होती. मात्र प्रत्येक नव्या उपग्रहागणिक नवा तक्ता आला, आणि वाचणारा प्रोग्रॅम पुन्हा सुधारावा लागे.

फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘एक्सएमएल’ ही खूणभाषा प्रमाण म्हणून जाहीर झाली. तिच्यात प्रत्येक आकड्याला नावाचे वेष्टन असते:

<वेळ एकक="सेकंद">४५६६६.४७</वेळ>

अशा देवनागरी खुणाही तिला चालतात! खगोलशास्त्रज्ञांनी ती लवकर उचलली. २००२ मध्ये तारकासूचींसाठी ‘व्हीओटेबल’ हा तक्त्यांचा नमुना ठरला. पुण्यातील आयुका आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स यांनी मिळून तो वाचणारी आणि त्यावरून आलेख काढणारी साधने तयार केली.

निरोपांसाठीचा ‘व्हीओइव्हेंट’ हा नमुना २००६ मध्ये आला. त्याचे कप्पे बातमीदाराच्या प्रश्नांसारखे आहेत: कोणी, काय, कुठे व केव्हा, कसे, का. मला त्यातली मोलाची वाटते ती आणखी एक खूण: निरोप खरा आहे की चाचणीचा, हे तो स्वतःच सांगतो. शिवाय जुन्या निरोपाचा हवाला देऊन तो मागे घेता येतो. ही सोय शोभेची नव्हे. लायगो-व्हर्गोच्या २०१९-२० च्या निरीक्षणसत्रात ८० जाहीर सूचनांपैकी २४ मागे घ्याव्या लागल्या. किंमत? १६० बाइटांच्या जागी काही हजार बाइट. आज ती कोणाला जाणवत नाही.

वर काढलेली वेळ मी मनाने घेतलेली नाही. त्या क्षणी फर्मी उपग्रहाने दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेले गॅमा किरण पाहिले आणि सुमारे १४ सेकंदांत यंत्रानेच वर्दी धाडली. लायगोला मात्र सुमारे ४० मिनिटे लागली, कारण लिव्हिंग्स्टनच्या यंत्रात ऐन वेळी खरखर उमटली होती आणि ती माणसांनी तपासली. म्हणजे उशीर लिपीमुळे नव्हे, खात्री करण्यामुळे झाला. टकरीचा प्रकाश दुर्बिणींना सापडला तो जवळजवळ ११ तासांनी. पुढच्या काही महिन्यांत पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटीनेही तिचे रेडिओ निरीक्षण केले.

‘कुठे’ हा कप्पा अजून सर्वांत सैल आहे. २०१७ च्या त्या घटनेची जागा लहरींवरून ठरली ती सुमारे ३० चौरस अंशांत, म्हणजे पूर्णचंद्राच्या दीडशेपट आकाशात. एवढा नकाशा निरोपात मावत नाही, म्हणून त्यात नकाशाच्या फाइलचा पत्ता देतात. अमेरिका, युरोप व जपानपासून दूर असलेले औंढ्याचे यंत्र सुरू झाले, की हा तुकडा पुष्कळ लहान होईल.