डॉ. द्वारकानाथ कोटणीस : रणवैद्य आणि गृहस्थ

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे नाव मराठी वाचकास अपरिचित नाही. किंबहुना ते अतिपरिचित आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकास खरी अडचण येते ती त्यामुळेच. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला. पुढे भारत व चीन या दोन राष्ट्रांनी त्यांना मैत्रीचे प्रतीक म्हणून स्वीकारले. त्यांच्या स्मरणार्थ चीनने १९८२ मध्ये व भारताने १९९३ मध्ये टपाल तिकिटे काढली. प्रतीक एकदा सिद्ध झाले म्हणजे त्यामागील माणूस हळूहळू दिसेनासा होतो. तो कोणत्या घरात वाढला, कोणते काम कोणत्या साधनांनी करीत होता, आणि त्याच्या निर्णयांची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न मग विचारले जात नाहीत. प्रस्तुत टिपणात हेच तीन प्रश्न विचारावयाचे आहेत.

कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. सोलापूर हे त्या काळी कापडगिरण्यांचे आणि राजकीय जागृतीचे शहर होते. मे १९३० मध्ये तेथे लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन व श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी देण्यात आले. ज्या तरुणाच्या गावाने हे पाहिले, त्याने मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले. अशा घरातील मुलगा डॉक्टर होणे म्हणजे साऱ्या कुटुंबाची पुढील आर्थिक व्यवस्था लागणे होय. भावंडांची शिक्षणे आणि बहिणींची लग्ने त्या एका पदवीकडे डोळे लावून असतात. कोटणीस यांच्या पुढील निर्णयाचे मोल ध्यानी यावयास हवे असेल, तर ही कौटुंबिक पार्श्वभूमी प्रथम लक्षात घेतली पाहिजे.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण स्वरूपाचे आक्रमण केले. त्याच वर्षाच्या अखेरीस साम्यवादी सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरू यांना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितले. काँग्रेसने हे आवाहन स्वीकारले आणि १९३८ मध्ये तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी त्यासाठी निधी व स्वयंसेवक मिळविण्याचे कार्य हाती घेतले. पाच डॉक्टरांचे पथक निवडण्यात आले. प्रमुख डॉ. मदनमोहन अटल हे स्पेनच्या यादवी युद्धातील वैद्यकीय कार्याचा अनुभव गाठीशी असलेले गृहस्थ होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी, आणि पाचवे कोटणीस. वडिलांनी उत्तेजन दिले, आई मात्र खिन्न झाली, असे घरच्या आठवणींतून कळते. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या आगबोटीने पथक मुंबईहून निघाले. मुदत एका वर्षाची ठरली होती. तेव्हा घरच्यांनी निरोप दिला तो परत येणाऱ्या मुलाला, ही गोष्ट विसरता कामा नये.

हाँगकाँग, कॅन्टन व चांगशा या मार्गाने पथक हांकौ येथे पोहोचले. ऑक्टोबरच्या अखेरीस ते शहर जपान्यांच्या हाती पडले आणि पथकास चुंगकिंगकडे सरकावे लागले. याच काळात पाचही जणांच्या नावांना चीनवाचक ‘हुआ’ हे अक्षर जोडण्यात आले आणि कोटणीस हे ‘के तिहुआ’ झाले. येनानला पोहोचण्यापूर्वीच त्यांना वडिलांच्या मृत्यूची वार्ता कळली. परत जावे, असे सहकाऱ्यांनी सुचविले. कोटणीस यांनी ते मानले नाही. मराठी कुटुंबात पित्याच्या मृत्यूनंतर मुलाची जी कर्तव्ये मानली जातात ती त्यांना ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. चरित्रकार या प्रसंगास त्याग म्हणतात, आणि तो त्याग होताच. परंतु त्याचा मोठा वाटा सोलापूरच्या घरात राहिलेल्या माणसांनी उचलला, हेही त्याच वाक्यात नमूद करणे न्यायाचे ठरेल.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. प्रकृती, वय इत्यादी कारणांनी अन्य तिघे १९४० पर्यंत मायदेशी परतले. बसू आणि कोटणीस राहिले. पुढे कोटणीस यांचे कार्यक्षेत्र शांसी, चाहार व होपेई या प्रांतांच्या सीमेवरील, शत्रूच्या पिछाडीचा प्रदेश हे झाले. तेथील वैद्यकीय व्यवस्थेचा पाया कॅनडाचे शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून यांनी घातला होता. शस्त्रक्रियेच्या वेळी बोटास झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन बेथ्यून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी मरण पावले. जानेवारी १९४१ मध्ये त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद कोटणीस यांच्याकडे आले.

हे रुग्णालय म्हणजे इमारत नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. डोंगरातील खेड्यांतून, शेतकऱ्यांच्या घरांत रुग्ण विखरून ठेवलेले असत. जपानी फौजेची मोहीम सुरू झाली की रुग्ण, उपकरणे व औषधे खेचरांवर आणि माणसांच्या खांद्यांवर घालून दुसऱ्या दरीत न्यावी लागत. या व्यवस्थेमागील तत्त्व साधे होते. जखम झाल्यापासून शस्त्रक्रिया होईपर्यंत जितका वेळ जाईल तितका जंतुदोष वाढतो आणि हात किंवा पाय तोडण्याची, क्वचित मृत्यूची, शक्यता बळावते. पेनिसिलिन त्या भागात पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून जखमी माणसाची वाट न पाहता शस्त्रवैद्याने आघाडीलगत जावयाचे, हा नियम. १९४० च्या उत्तरार्धात ‘शंभर पलटणीं’ची म्हणून प्रसिद्ध असलेली चढाई झाली, तेव्हा कोटणीस यांनी याच पद्धतीने शेकडो जखमींवर उपचार केले. जपानी नाकेबंदीमुळे औषधे दुर्मीळ झाली, तशी स्थानिक सामग्रीतून साधने बनविणे हा वैद्यकीचाच एक भाग झाला.

या कार्याची दुसरी बाजू अध्यापनाची होती, आणि ती अधिक चिरस्थायी ठरली असे म्हणावयास हरकत नाही. एक शस्त्रवैद्य कितीही राबला तरी एवढ्या विस्तीर्ण प्रदेशास अपुराच. त्याने दहा शिकविले तरच निभाव लागणार. कोटणीस चिनी भाषा बोलावयास व वाचावयास शिकले आणि तिच्यातूनच व्याख्याने देऊ लागले. शस्त्रक्रियेच्या सामान्य तत्त्वांवर त्यांनी पाठ्यपुस्तक सिद्ध केले. पुढचे पुस्तक मृत्यूसमयी अपुरे राहिले.

याच वैद्यकीय विद्यालयात कुओ चिंगलान या परिचर्येच्या अध्यापिका होत्या. जून १९४० मध्ये बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात त्यांनी कोटणीस यांना प्रथम पाहिले. पुढे ओळख वाढली ती समान कामामुळे. प्रारंभी इंग्रजी ही दोघांची दुव्याची भाषा होती. १९४१ च्या अखेरीस विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी पुत्र जन्मला. त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवण्यात आले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. हे नाव त्या सीमाप्रदेशाचे सेनापती न्ये रुंगचेन यांनी सुचविले. बालकाच्या नावातही राष्ट्रांचा प्रवेश झाला, यावरून त्या संसारास खाजगीपणा किती थोडा मिळाला याची कल्पना येते. तरीही तो संसार खरा होता: खेड्यातील एक घर, भरड धान्याचे जेवण, शत्रूची चाहूल लागताच उठून जाण्याची तयारी, आणि दिवसाचे काम संपल्यावर दिव्यापाशी पुस्तकाचे लेखन.

कोटणीस यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. अन्यत्र जाऊन उपचार घ्यावे, हा सल्ला त्यांनी स्वीकारला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे होपेई प्रांतातील तांग परगण्यात, ग-कुंग या खेड्यात त्यांचे निधन झाले. वय ३२ वर्षे. मुलगा १०८ दिवसांचा होता. सैन्याने एक साहाय्यक हात आणि राष्ट्राने एक मित्र गमावला, अशा आशयाचा शोकलेख माओ त्से-तुंग यांनी लिहिला. डॉ. बसू १९४३ मध्ये परतले. त्यांच्या दैनंदिनीवरून या मोहिमेच्या दैनंदिन जीवनाची माहिती मिळते, आणि तिचे मोल कोणत्याही गौरवग्रंथापेक्षा अधिक आहे.

शांताराम यांच्या चित्रपटाच्या अखेरीस विधवा पत्नी तान्ह्या मुलास घेऊन सोलापुरास येते. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारलेल्या या चित्रपटाला घरी परतण्याचे समाधान प्रेक्षकांस देणे आवश्यक वाटले असावे. इतिहासात तसे घडले नाही. कुओ चिंगलान मुलासह चीनमध्येच राहिल्या. त्यांचे भारतात येणे झाले ते बऱ्याच वर्षांनी. त्यांनी पुनर्विवाह केला व २०१२ पर्यंत त्या हयात होत्या. यिनहुआ पित्याच्याच मार्गाने लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात गेला, आणि १९६७ मध्ये, पंचविशी गाठण्याआधीच, वारला. तोपर्यंत १९६२ चे युद्ध होऊन गेले होते आणि त्याच्या नावातील दोन अक्षरे एकमेकांस पारखी झाली होती.

कोटणीस यांच्या चरित्राचे लेखन करताना रणवैद्य आणि गृहस्थ हे दोन भाग वेगळे काढण्याची प्रथा पडली आहे. पहिला भाग गौरवासाठी, दुसरा हळहळीसाठी. ही विभागणी पुराव्याशी जुळत नाही. वडिलांचा मृत्यू, एक वर्षाची चार वर्षे होणे, चिनी भाषा, अध्यापन, विवाह आणि अपुरे पाठ्यपुस्तक ही एकाच निर्णयाची अंगे आहेत: जेथे आपले काम आहे तेथेच आपले घर करावयाचे. या निर्णयाने शेकडो माणसे जगली आणि एक आई मुलाला पुन्हा पाहू शकली नाही. दोन्ही विधाने सारखीच सत्य आहेत. शीह-च्या-च्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानात बेथ्यून यांच्याजवळ त्यांची समाधी आहे आणि सोलापुरातील त्यांचे घर स्मारक म्हणून जपले आहे. या दोन वास्तूंपैकी एकीवरून दुसरीचा अर्थ लागतो. म्हणून अभ्यासकाने त्या दोन्ही एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवल्या पाहिजेत.