पहिला करिअर काउन्सेलर इंजिनिअरच होता!

फ्रँक पार्सन्स कॉर्नेलला इंजिनिअरिंग शिकला, रेल्वेत लागला. १८७३ च्या मंदीत नोकरी गेली. मग लोखंडाच्या कारखान्यात मजुरी, शाळेत मास्तरकी, पुढे वकिली. एवढं फिरून झाल्यावर १९०८ मध्ये त्याने बॉस्टनला तरुणांसाठी व्यवसाय-मार्गदर्शन केंद्र काढलं. आधी स्वतःला ओळखा, मग कामं समजून घ्या, मग दोन्ही जुळवून बघा. बस्स, एवढंच. त्याच वर्षी तो गेला. पुस्तक आलं १९०९ मध्ये.

आणि गंमत बघा, १९०९ मध्येच सयाजीरावांच्या बडोद्यात शाळकरी मुलांची डॉक्टरी तपासणी झाली, भारतातली पहिली.

मला सातवीपर्यंत फळा पुसट दिसायचा. शाळेचं म्हणणं, लक्ष नाही. चष्मा लागला आणि गणित आवडायला लागलं. बारावीनंतर मात्र कुणी काही विचारलंच नाही. मार्क बघितले, बीटेकला घातलं.