फाटलेला पर : फायटर माशाच्या निदानाचा इतिहास

दिल्लीच्या नैऋत्येला दिल्ली विकास प्राधिकरणाने वसवलेले द्वारका उपनगर पूर्वी पप्पनकलां या नावाने ओळखले जाई. आज तेथे विद्यापीठे आहेत, वसतिगृहे आहेत आणि अनेक खोल्यांत टेबलावर काचेच्या भांड्यात एकटा फिरणारा फायटर मासाही आहे. जानेवारीत त्याची शेपटी झिरमिळ्या झालेली दिसते. दुकानदार निळ्या औषधाची बाटली हातात देतो. पर फाटला, कुजला की माशाने स्वतःच चावला, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. तो विचारण्याची पद्धत कशी घडत गेली, हे या पाठात पाहू.

या माशाची शास्त्रीय ओळख एका डॉक्टरपासून सुरू होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेतील थिओडोर कँटर यांनी मलायातील माशांची सूची 1849 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली. सयामचा झुंजार मासाही त्यांनी वर्णिला, पण दुसऱ्याच जातीच्या नावाखाली. 1910 मध्ये टेट रीगन यांनी त्याला ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे आजचे नाव दिले. रानातल्या बेट्टाचे पर आखूड असतात. घोळदार शेपटी ही माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवलेली आहे. तेव्हा या माशाचे दुखणे काही अंशी आपल्या हौसेचेच आहे. एवढा मोठा पर ओढत पोहणे त्याला जड जाते, आणि प्लॅस्टिकच्या झाडाच्या टोकावर तो सहज अडकतो.

पर पुन्हा उगवतो, हे मात्र फार आधी कळले होते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्रूसोने यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस माशांचे पर कापून ते परत येताना पाहिले. म्हणून निदानात पहिला प्रश्न जखमेच्या आकाराचा नसतो, काठ पुढे सरकतो आहे की मागे, हा असतो. काठाला नवी पारदर्शक पट्टी दिसली, तर पर भरून येत आहे. काठ काळपट किंवा लालसर होऊन रोज थोडा झिजत असेल, तर कूज सुरू आहे.

काचेच्या टाकीत मासे का मरतात, हे कोडे सुटायला वेळ लागला. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले, तेव्हा वनस्पती आणि मासे एकमेकांची हवा सांभाळतात, एवढीच समजूत होती. 1877 मध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ यांनी अमोनियाचे नायट्रेट जिवाणू करतात, हे दाखवले. 1904 मध्ये जर्मनीत ब्रूनो होफर यांचा माशांच्या रोगांवरचा ग्रंथ आला. 1922 मध्ये अमेरिकेत डेव्हिस यांनी ‘कॉलम्नॅरिस’ या जिवाणूरोगाचे वर्णन केले. तोंडावर वा पाठीवर पांढुरका, कापसासारखा थर येतो आणि लोक त्याला आजही बुरशी समजतात.

भारतात माशांकडे बारकाईने पाहण्याची परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे. पण तेथे रस गळ टाकण्यात आहे, रोगात नाही. रोगनिदानाची खरी कसोटी 1988 मध्ये लागली. ईशान्य भारतात माशांच्या अंगावर व्रण पडू लागले, साथ देशभर पसरली आणि लोक मासे खाईनासे झाले. व्रणांत एरोमोनास जिवाणू सापडले, विषाणूंचाही संशय घेतला गेला. अखेर मूळ दोषी ठरला अ‍ॅफॅनोमायसिस हा बुरशीसदृश जीव. जिवाणू जखमेत मागाहून शिरले होते. जखमेत जे सापडते ते कारणच असते असे नाही, हे या साथीने शिकवले. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने ‘सिफॅक्स’ हे द्रावण काढले, तरी तळ्यात चुना टाकून पाणी सुधारणे हा उपाय टिकून राहिला.

द्वारकेतल्या टेबलावर हेच तर्कशास्त्र लागू होते. रात्रीत अर्धगोलाकार तुकडा गेला आणि काठ स्वच्छ असेल, तर माशाने शेपटी चावली आहे. उभी सरळ चीर असेल, तर काहीतरी टोचले आहे. अंगावर सोनेरी धूळ दिसली तर ‘व्हेल्वेट’ हा परजीवी. मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले तर दुसरा परजीवी. कूज असेल तर आधी पाणी तपासायचे. नैऋत्य दिल्लीचे भूजल बऱ्याच ठिकाणी खारट आणि कठीण आहे. पाणी जितके अल्कधर्मी, तितका तोच अमोनिया अधिक विषारी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. हिवाळ्यात न तापवलेल्या खोलीतले भांडे पंधरा अंशांच्या आसपास येते, आणि या माशाला पंचवीसहून अधिक लागतात. थंडीत त्याची प्रतिकारशक्ती मंदावते आणि एरवी निरुपद्रवी जिवाणू पर खाऊ लागतात.

निळ्या बाटलीतले मिथिलीन ब्लू 1876 मध्ये कापडाचा रंग म्हणून तयार झाले. 1891 मध्ये एर्लिख आणि गुटमान यांनी ते हिवतापावर वापरून पाहिले. बुरशीवर आणि अंड्यांसाठी ते चालते. टाकीत ओतले, तर अमोनिया पचवणारे जिवाणूही मरतात आणि पाणी आणखी बिघडते. म्हणून मासा वेगळ्या भांड्यात काढायचा, क्लोरीन काढलेले कोमट पाणी रोज थोडे बदलायचे, हीटर लावायचा आणि शेपटीचे छायाचित्र दररोज त्याच कोनातून घ्यायचे. आठवड्याभरात काठ थांबला नाही किंवा मासा अन्न सोडून तळाशी बसू लागला, तर प्रतिजैविकाचा विचार पशुवैद्यकाला विचारूनच करायचा.