भिंतीच्या भेगेतला खलनायक: चांदीपुराची खरी गोष्ट

गूढ रोग, पटापट पडणारी माणसं, शेवटपर्यंत न सापडणारा खुनी, अशी एखादी थरारक कादंबरी सांगा, ही फर्माईश सारखी येते. आज तशीच गोष्ट सांगतो. फक्त ही कादंबरी नाही, आणि घडलीये ती आपल्या विदर्भात.

साल १९६५. नागपूर भागात तापाची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, रुग्णांचं रक्त तपासलं. चांदीपुरा गावच्या दोन रुग्णांच्या रक्तात एक अनोळखी विषाणू सापडला. रेबीजच्या खानदानातला. गावाच्या नावावरून त्याचं बारसं झालं. पण साध्या तापापलीकडे याच्याकडून काही होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. पुढची जवळपास चार दशकं त्याला फारसं कुणी घाबरलंच नाही.

आता थेट २००३ चा जून. आमच्या राजुऱ्याहून दक्षिणेला निघालं की तेलंगण लागतं. तेव्हा तो आंध्र प्रदेश होता. तिथे लहान लेकरं अचानक दगावू लागली. आधी जोराचा ताप, मग उलट्या, झटके, बेशुद्धी. कित्येकांचा तर एक-दोन दिवसांतच खेळ खलास. मेंदूज्वराचे नेहमीचे संशयित तपासले, पण धागा जुळेना. शेवटी एनआयव्हीच्या प्रयोगशाळेत नाव निघालं, चांदीपुरा! ऑगस्टपर्यंत तिथे ३२९ मुलं आजारी पडली होती, १८३ गेली. २००७ मध्ये आपल्या नागपूर विभागातही ७८ रुग्ण आढळले.

मग हा विषाणू पसरवतं कोण? संशय आहे सँडफ्लायवर, म्हणजे वाळूमाशीवर. डासाहूनही लहान, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. धड उडताही येत नाही, टुणटुण उड्या मारत जाते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्याचा ओलसर कोपरा, हे तिचं घर. पावसाळ्यात तिची चंगळ. म्हणजे बघा, खुनी बाहेरून आलाच नव्हता. लेकरू झोपतं त्याच भिंतीत तो बसला होता.

मला यातली सगळ्यात भयानक गोष्ट कुठली वाटते माहितीये? घड्याळ. कादंबरीतल्या डॉक्टरला उतारा शोधायला दोनशे पानं मिळतात. इथे आईबापाच्या हातात काही तास असतात. रात्री ताप चढला, "सकाळी बघू" म्हटलं, कुणी आधी अंगारा लावायला नेलं, डोंगरातल्या पाड्यावरून गाडी मिळेना... तेवढ्यात पोर हातचं जातं. या रोगावर आजही ना लस आहे, ना खास औषध. झटके आवरणं, शरीरातलं पाणी टिकवणं, श्वास चालू ठेवणं, एवढंच डॉक्टर करू शकतात. पण तेवढ्यानेही जीव वाचतात, वेळेत पोचलं तर.

२०२४ मध्ये गुजरातेत हा पुन्हा उफाळला. गेल्या वीस वर्षांतली ती सगळ्यात मोठी साथ होती. म्हणजे गोष्ट अजून संपलेली नाही.

म्हणून पावसाळ्याआधी भिंतींच्या भेगा बुजवा, घराभोवती फवारणी होऊ द्या, लेकरांना मच्छरदाणीत निजवा. आणि तापात झटका आला तर घड्याळ बघत बसू नका, १०८ ला फोन लावा. हा भाग गावच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!