सावकारी पाश

सावकारी पाश : भारतीय मूकपट. निर्मिती महाराष्ट्र फिल्म कंपनी, कोल्हापूर, १९२५. दिग्दर्शक बाबूराव पेंटर (१८९०–१९५४), कथा ना. ह. आपटे यांची. पुढे ‘प्रभात’ चित्रसंस्थेच्या ‘कुंकू’ या चित्रपटाला (१९३७) आधारभूत झालेली ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरीही याच लेखकाची.

कर्जाच्या दस्तऐवजात लबाडी करून सावकार एका शेतकऱ्याची जमीन घशात घालतो, आणि वाडवडिलांच्या शेताला मुकलेला तो कुणबी पोटासाठी शहराची वाट धरून गिरणीचा मजूर होतो, एवढाच कथाभाग. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथून उसळलेल्या दंग्यांत रयतेने सावकारांच्या घरांतील गहाणखते व रोखे हुडकून जाळले होते आणि त्यानंतर सरकारास १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला होता. त्या गोष्टीला अर्धशतक लोटले तरी जप्ती, वसुली हे शब्द खेड्यापाड्यांत जिवंतच असल्याने प्रेक्षकास हे दुःख उमजण्यासाठी पडद्यावरील अक्षरांची फारशी गरज पडली नसावी.

दृश्ययोजना हे या कृतीचे खरे वैशिष्ट्य होय. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविण्यात ज्यांची उमेदवारी गेली, त्याच पेंटरांनी चित्रपटात मात्र सपाट रंगविलेल्या पडद्याऐवजी खोली असलेले देखावे उभारले आणि छायाप्रकाशाची योजना चित्रकाराच्या नजरेने केली. चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांना हा मूकपट अंधुकच आठवत असे; त्यांच्या मनात ठसून राहिली ती पुढे पेंटरांनीच केलेल्या याच नावाच्या बोलपटातील एक उदास झोपडी आणि तेथे ऐकू येणारे कुत्र्याचे विव्हळणे.  मूकपटाची प्रत आज उपलब्ध नसल्याने बोलपटातील या एका दृश्यास इतिहासकारांच्या लेखनात, आणि अर्थातच प्रस्तुत नोंदीतही, प्रमाणाबाहेर जागा मिळाली आहे.

भूमिका : शेतकरी – व्ही. शांताराम; सावकार – झुंझारराव पवार.

देवदेवता आणि लढाया पाहण्यास सरावलेल्या प्रेक्षकांनी या सामाजिक चित्रपटाचे बेताचेच स्वागत केले. 

जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्हज’ (१९४८) हा इटालियन चित्रपट दाखविला गेला, त्याच्या प्रभावातून बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ (१९५३) घडला, आणि तेव्हापासून भारतीय वास्तववादाची जंत्री तेथूनच मांडण्याचा प्रघात पडला. हा प्रघात कोल्हापूरवर अन्याय करणारा आहे. कारण दे सिकांचा रोममधील मजूर सायकलीसाठी वणवण फिरू लागण्यापूर्वी तेवीस वर्षे कर्ज, जमिनीची हानी आणि शहरातील मजुरी ही साखळी पेंटरांनी पडद्यावर आणली होती, आणि ‘दो बिघा जमीन’मधील शंभू याच साखळीने कलकत्त्याच्या रिक्षेला जुंपला जातो. परस्परप्रभावाचा दावा येथे अभिप्रेत नाही. तसेच दे सिकांनी प्रमुख भूमिकेसाठी एका कारखान्यातील कामगारास निवडले, तर पेंटरांचा शेतकरी कंपनीतील नटच होता, हा भेदही नोंदविला पाहिजे.

बोलपट : याच नावाने, १९३६, शालिनी सिनेटोन, कोल्हापूर, दिग्दर्शक पेंटरच.